राठी हत्याकांड, येरवडा आणि फाशी: माझं मत का बदललं

चिंचेचं झाड

ऑगस्ट १९९४ मध्ये आम्ही कोथरूडला, पौड फाट्यापासून चालत दहा मिनिटांवर भाड्याने राहत होतो. मुलगी पावणेदोन वर्षांची होती. २६ तारखेला राठींच्या घरात सात जणांना मारलं. त्यात एक गरोदर बाई होती आणि दोन अगदी लहान मुलं. आम्हाला ते खालच्या वाण्याकडे कळलं. बायकोच्या हातातली पिशवी तिथेच राहिली, मी नंतर जाऊन आणली.

पुढच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या अकराच्या अकरा घरांनी सेफ्टी डोअर बसवून घेतलं. लोहार दिवसभर जिन्यात वेल्डिंग करत होता आणि 'ठिणग्यांकडे बघू नका रे' म्हणून बायका पोरांवर ओरडत होत्या. त्याआधी दिवसा आमच्या दाराची कडीसुद्धा लावलेली नसायची. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, अलका चौकात लटकवा. तीन-चार वर्षांनी फाशीची शिक्षा झाली तेव्हा ऑफिसात कुणीतरी पेढे आणले होते. मी खाल्ला.

मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच खटल्यातल्या एकाला सोडलं. तांत्रिक मुद्द्यावर सुटला असं लोक म्हणाले, मीही आधी तसंच म्हणालो. मग निकाल वाचला. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. खटल्यात त्याचं वय विशीच्या आसपास धरलं गेलं होतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुण्याच्याच प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितली आणि राजस्थानातल्या, बिकानेरकडच्या एका शाळेचा दाखला खरा निघाला. बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो २८ वर्षांहून जास्त आत होता आणि त्यातली बहुतेक वर्षं फाशीच्या सावलीत.

१९९८ ला सत्र न्यायालय, मग हायकोर्ट, २००० ला सुप्रीम कोर्ट, नंतर फेरविचार अर्ज. इतक्या पायऱ्यांवर इतक्या शिकल्यासवरल्या माणसांनी ती फाईल वाचली. हा मुलगा सातवीत असायच्या वयाचा आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. २००१ ला त्याला फाशी दिली असती तर तो शाळेचा दाखला कुठल्यातरी कपाटात पिवळा पडला असता, आणि मी आजही म्हणत असतो की बरं झालं.

तेव्हापासून मी फाशीच्या विरोधात आहे. कुठल्याच गुन्ह्याला नको या मताचा. तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा, पण त्या सात जणांना विसरून मी हे लिहितोय असं कृपा करून समजू नका.

सदाशिव ३०

झाडसाहेब, मी तुमच्याहून वडील असेन. १९७६-७७ चं पुणं मी पाहिलंय. जोशी कुटुंब, मग भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात अभ्यंकरांच्या घरातले पाच जण. सगळे मिळून दहा खून. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सातला लक्ष्मी रस्त्यावर शुकशुकाट असायचा. माझी आई पाणी प्यायला उठली तरी आधी दाराकडे बघायची. आणि करणारे कोण? टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयातली पोरं. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह. त्यांच्या वयाबद्दल शंका नव्हती, गुन्ह्याबद्दलही नव्हती. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली आणि गावाने श्वास सोडला. एका खटल्यात चूक झाली म्हणून शिक्षाच काढून टाकायची, हे मला पटत नाही. डॉक्टरच्या हातून पेशंट दगावला म्हणून ऑपरेशनं बंद करत नाहीत.

चिंचेचं झाड

काका, तुमच्या आईची गोष्ट वाचून थांबलो. आमच्या घरीही तेव्हा हेच होतं, मी शाळेत होतो.

पण ऑपरेशन केलं नाही तर पेशंट जातो म्हणून डॉक्टर धोका पत्करतो. इथे आरोपी आधीच गजाआड आहे. त्याला मारलं नाही तर कुणाचा जीव जाणार आहे? १९८३ नंतर ते चौघे येरवड्यातच म्हातारे झाले असते.

आणि गावाने श्वास सोडला होता तो खरं तर १९७७ मध्ये, ते पकडले गेले तेव्हा. आई दाराकडे बघायची थांबली ती केव्हापासून, हे तुम्हीच आठवून सांगा.

सदाशिव ३०

पकडल्यानंतर. हे मान्य करायला हवं.

रात्रपाळी

मी या धाग्यावर लिहिणार नव्हते. २००७ मध्ये मी २६ वर्षांची होते आणि रात्रीच्या शिफ्टला कंपनीच्या कॅबने जायचे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्यात एका मुलीला तिच्याच कंपनीच्या कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या मित्राने गाडी भलतीकडे नेऊन मारलं. बलात्कार करून, चेहरा ओळखू येणार नाही असं करून. त्यानंतर दोन वर्षं मी कॅबमध्ये पाय ठेवायच्या आधी गाडीचा नंबर नवऱ्याला एसएमएस करायचे आणि ऑफिसात पोचल्यावर 'पोचले'. एकदा 'पोचले' टाकायचं राहिलं, तर हा बाबा रात्री अडीच वाजता गेटवर येऊन उभा.

२०१२ ला दोघांना फाशी सुनावली. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली. राज्यपालांनी दया नाकारली, राष्ट्रपतींनी नाकारली. जून २०१९ ची तारीखही ठरली होती. आणि हायकोर्टाने काय केलं? उशीर झाला म्हणून ३५ वर्षं. उशीर कुणी केला? सरकारी टेबलांनी. फायदा कुणाला झाला? त्या दोघांना. तुम्ही म्हणता तशी चूक इथे नाही, वयाचा घोळ नाही. मग इथे का नको फाशी? मला उत्तर द्या, तत्त्वज्ञान नको.

चिंचेचं झाड

ताई, सरळ उत्तर देतो. त्या दोघांनी ते केलं आणि ते बाहेर यायला नकोत, यात मला शंका नाही.

पण त्या मुलीच्या घरच्यांचं काय झालं ते बघा. २०१२ मध्येच, समजा, सुटका नसलेली दीर्घ जन्मठेप झाली असती, तर अपील होऊन दोन-तीन वर्षांत सगळं मिटलं असतं. फाशी सुनावली म्हणून हायकोर्टाची पुष्टी आली, सुप्रीम कोर्ट आलं, दयेचे दोन अर्ज आले, वॉरंट आलं, शेवटच्या क्षणाला पुन्हा हायकोर्ट आलं आणि त्यावरचं सरकारचं अपील फेटाळलं जायला डिसेंबर २०२४ उजाडला. सतरा वर्षं त्या घराला 'आता होईल, मग होईल' म्हणून दारात उभं केलं. जी शिक्षा शेवटी मिळाली, ती पहिल्याच दिवशी देता आली असती.

आपल्याच येरवड्यात होत्या त्या गावित बहिणींचंही तेच. १३ मुलं पळवली. २००१ मध्ये कोल्हापूरला फाशी सुनावली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला आणि २०२२ मध्ये हायकोर्टाने उशिरामुळे जन्मठेप केली. कोर्टाला दुसरं काही करताही येत नाही. माणसाला रोज उद्या मरशील सांगून आठ-आठ वर्षं ठेवणं हीच एक वेगळी शिक्षा झाली, आणि ती कुठल्याच कलमात लिहिलेली नाही.

फणसाची आठळी

रात्रपाळीशी सहमत. आणि कसाबचं काय, झाडसाहेब? त्यालाही येरवड्यात आयुष्यभर जेवू घालायचं होतं का?

शिवाजीनगर बार

मी वकील आहे, फौजदारी, बहुतेक आरोपींच्या बाजूने. थोडं लांब लिहितो.

आधी कसाब. तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या खाल्ल्या, म्हणून तो जिवंत सापडला. कट कुठे शिजला, माणसं कुठून आली, हे जगासमोर मांडता आलं ते तो जिवंत होता म्हणून. २१ नोव्हेंबर २०१२ ला त्याला फाशी दिली, ठीक. पण जो मरायलाच आलाय त्याला फाशीची भीती कशी घालणार? न्या. ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करा म्हटलं, फक्त दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध यांचा अपवाद ठेवला. मला विचाराल तर तो अपवाद चुकला. जिथे लोकक्षोभ सर्वांत जास्त, तिथेच पोलिसांवर 'कुणीतरी आणा' हा दबाव सर्वांत जास्त असतो.

आता माझ्या कामाचं. पोरगेला होतो, सीनियरच्या मागे फायली धरायचो. एका खटल्यात दोषी ठरवल्यावर त्याच दुपारी शिक्षेवर सुनावणी झाली. न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, काही सांगायचंय का. तो म्हणाला, 'गरीब आहे साहेब, आई म्हातारी आहे.' आमचे सरकारी खर्चाने नेमलेले वकील उठून म्हणाले, 'दया दाखवावी.' बसले. एवढंच. माणूस मारायचा की ठेवायचा, यावरचा सगळा युक्तिवाद चहा निवायच्या आत संपला. १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून कायदा सांगतो की फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यायची, आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही बघायचा. त्याचं बालपण, आजार, सुधारण्याची शक्यता. ते बघायचं तर कुणीतरी त्याच्या गावी जायला हवं, आईशी, मास्तरांशी बोलायला हवं. राठी खटल्यात वेळीच कुणी त्या गावी गेलं असतं तर शाळेचा दाखला तेव्हाच सापडला असता. ही सगळी माहिती सरकारने आणि तुरुंगाने कोर्टापुढे ठेवलीच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने नीट लिहिलं ते २०२२ मध्ये. त्याआधीच्यांचं काय?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास छापला. चारातले जवळजवळ तीन आर्थिकदृष्ट्या दुबळे. खालच्या कोर्टांनी १५ वर्षांत दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या त्या पाच टक्क्यांपेक्षा कमी. म्हणजे शंभर घरांना सांगायचं तुमचा माणूस मरणार, आणि पंच्याण्णव वेळा चुकलं म्हणायचं. एवढ्या चुका करणारी वजनमापं असलेल्या दुकानातून आपण डाळसुद्धा घेणार नाही.

फणसाची आठळी

चुका वरच्या कोर्टाने सुधारल्या ना? मग व्यवस्था चालते आहे असाच अर्थ निघतो.

शिवाजीनगर बार

नाशिकजवळची केस सांगतो. जून २००३, रात्री दरोडा, पाच खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले. हायकोर्टाने तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये जन्मठेपवाल्यांचीही शिक्षा वाढवून सहाही जणांना फाशी दिली. वरच्या कोर्टाने सुधारलं ते असं. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने आधीचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नाही. सोळा वर्षं आत. एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, तो फाशीच्या कोठडीत राहिला. प्रत्येकी पाच लाख भरपाई. म्हणजे महिन्याला किती पडले ते करा हिशेब.

आणि खरे दरोडेखोर? ते अजून मोकळे आहेत, किंवा मेलेही असतील. त्या बाईला न्याय मिळालाच नाही. फाशीच्या गोंगाटात हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गुळपोळी

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. मुलांना आवर्जून सांगते की ३ जून १९४९ ला घटना समितीत डॉ. आंबेडकर म्हणाले होते, फाशीच्या प्रकरणात अपील कुठे करायचं यावर वाद घालण्यापेक्षा फाशीच रद्द करावी. अहिंसा हे या देशाचं नैतिक तत्त्व आहे असं आपण मानतो, मग ते पाळावं, असा त्यांचा रोख होता. अन्याय कशाला म्हणतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये फाशी बंदही केली होती. शेजारी नेपाळ, भूतान यांनीही ती काढून टाकली आहे. म्हणजे हे युरोपातलं फॅड आहे असं जे म्हणतात ते बरोबर नाही.

सदाशिव ३०

मान्य, पण जरब? फाशीचं भय नसेल तर उद्या कुणीही उठेल.

चिंचेचं झाड

काका, १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी. ९ ऑक्टोबर १९९२ ला माजी लष्करप्रमुख जनरल वैद्य यांच्या मारेकऱ्यांना, जिंदा आणि सुखाला, तिथेच. दोन वर्षं होत नाहीत तोवर याच शहरात राठी. हा पुरावा नाही, मला कळतं. फाशी नसती तर आणखी घडलं असतं असं तुम्ही म्हणू शकता. पण अमेरिकेत जिथे यावर ढीगभर संशोधन झालंय, तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये ते सगळं तपासून सांगितलं की फाशीने खून कमी होतात, वाढतात की तसेच राहतात, यातलं काहीच या अभ्यासांवरून ठरवता येत नाही. माणूस मारायचा तर 'बहुधा उपयोग होत असेल' एवढ्यावर मारायचा का?

गुन्हेगाराला जरब बसते ती पकडलं जाण्याची. १९७७ मध्ये तुमच्या आईला धीर आला तो त्याच्यामुळे.

रात्रपाळी

लहान मुलांच्या बाबतीत तरी? २०१९ ला पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, फाशी आणली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

शिवाजीनगर बार

ताई, हे तुम्हाला कडू लागेल, पण माझ्याकडे येणाऱ्या पॉक्सोच्या केसेसमध्ये आरोपी बहुतेक वेळा काका, मामा, शेजारी, शिकवणीचे सर असतो. अनोळखी क्वचित. आई पोरीला घेऊन चौकीच्या दारापर्यंत येते, आणि 'दिराला फाशी होईल' हे कळलं की सासू पाय धरते, आईच मागे फिरते. पोर त्याच घरात परत जाते. दुसरं असं की बलात्कारालाही तीच शिक्षा आणि खुनालाही तीच, तर एकुलती एक साक्षीदार असलेल्या त्या पोरीला जिवंत सोडायचं कारणच उरत नाही. निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्ये बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती, आणि ती समिती काही मवाळ नव्हती.

नागपूर चाळ

पहिल्यांदाच लिहितोय. माझे वडील येरवड्याला शिपाई होते. १९९२ च्या त्या फाशीच्या वेळी त्यांची ड्युटी बाहेरच्या गेटला होती, आतलं त्यांनी काही पाहिलं नाही. सकाळी घरी आले, अंगणातल्या पिंपातलं गार पाणी अंगावर घेतलं, कपड्यांसकटच. डबा तसाच परत आणला होता. आईने विचारलं, बरं नाही का? म्हणाले, मयतीहून आलोय. त्या दोघांबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं, जनरलसाहेबांना ते फार मानायचे. त्यानंतर वडील वीस वर्षं होते आणि त्या रात्रीबद्दल एक वाक्य बोलले नाहीत. शिक्षा आपण देतो म्हणतो, पण ती हाताने कुणीतरी द्यावी लागते. एवढंच सांगायचं होतं.

गुळपोळी

नागपूर चाळ, लिहिलंत ते फार बरं केलंत.

सदाशिव ३०

माझं मत पुरतं बदललेलं नाही. पण ऑपरेशनचा दाखला मी मागे घेतो. एक विचारतो, वकीलसाहेब. जन्मठेप म्हणजे १४ वर्षांनी मोकळा, हे माझ्या मनातून जात नाही. पॅरोलवर मिरवणारे आपण बघतोच.

शिवाजीनगर बार

हा गैरसमज सगळीकडे आहे, काका. कायद्यात जन्मठेप म्हणजे नैसर्गिक मरणापर्यंत. १४ वर्षं ही सरकारने शिक्षेत सूट द्यायच्या आधीची किमान मुदत आहे, हक्क नाही. शिवाय २००८ पासून सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टं 'इतकी वर्षं सूट नाही' किंवा 'मरेपर्यंत सूट नाही' अशी शिक्षा देऊ लागली. २०१५ मध्ये घटनापीठानेही ते उचलून धरलं. रात्रपाळीताईंच्या केसमधली ३५ वर्षं त्यातलीच. सूट देताना सरकार लाडके-दोडके करतं ही तुमची तक्रार खरी आहे, आणि तिच्याविरुद्ध भांडायला हवं.

रात्रपाळी

मी अजूनही फाशीच्या बाजूची आहे. त्या दोघांसाठी तरी आहे. पण सतरा वर्षं दारात उभं केलं हे डोक्यातून जात नाहीये.

एक वेगळं विचारू? आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या भाचीची केस आहे. अकरा वर्षांची आहे. आरोपी नात्यातला. एफआयआर झाली, तो आत आहे. वस्तीत सगळे 'फाशी द्या' म्हणतात, बॅनरसुद्धा लावला होता. पण पोरगी चार महिने शाळेत गेलेली नाही, आईचं काम सुटलंय, आणि मदतीचं त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

शिवाजीनगर बार

मनोधैर्य योजनेचा अर्ज केला का? महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मंजूर होते, प्रकरण पाहून १० लाखांपर्यंत. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. समुपदेशनही मिळायला हवं.

रात्रपाळी

नाही केला. त्यांना नावही माहीत नसणार.

शिवाजीनगर बार

एफआयआरची प्रत, आईचं आधार, बँकेचं पासबुक आणि दवाखान्याचे कागद असतील ते. मुलीला आणू नका, आई पुरे. माझा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. सोमवारी मी कोर्टातच आहे, फी वगैरे काही नाही.

रात्रपाळी

व्यनि मिळाला. मावशींना आत्ताच फोन केला, त्या सोमवारची सुट्टी घेतायत. पासबुक नाहीये, खातं मी उद्या सकाळी काढून देते. सोमवारी अकराला येतो आम्ही तिघी.